मालमोटारचालकाचा मुक्काम

काशी म्हटले की मराठी माणसाच्या मनात घाट उभे राहतात, विश्वेश्वराचे दर्शन उभे राहते आणि ते मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाईंचे स्मरण होते. परंतु या नगरीला आणखी एक अंग आहे, आणि ते यात्रेकरूंच्या नजरेस सहसा पडत नाही. शहराच्या दक्षिणेकडून, वस्तीला वळसा घालून, दिल्ली-कोलकात्याचा महामार्ग जातो. मोहनसरायकडून येणारी वाट डाफीचा पथकर नाका ओलांडते, विश्वसुंदरी पुलावरून गंगा पार करते आणि रामनगरच्या बाजूने चंदौली-मोगलसरायकडे निघून जाते. या वाटेवर अहोरात्र मालमोटारी धावत असतात. येथूनच मिर्झापूरमार्गे दक्षिणेस जाणारा दुसरा मार्ग फुटतो. ज्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत तो हाच. वाराणसीला निघालेला हा रस्ता रीवा, कटनी, जबलपूर, सिवनी करीत नागपुरास येतो आणि हिंगणघाट, पांढरकवडा मागे टाकून थेट कन्याकुमारीपर्यंत पोचतो. २०१० साली क्रमांक बदलले, पण वाट तीच राहिली. काशीचा माल विदर्भात आणि विदर्भाचा माल काशीस नेणारा माणूस याच वाटेने जातो. त्या माणसाच्या शरीराचे आणि मनाचे रस्त्यावर काय होते, हा विचार आपल्या दारात पोचलेल्या धान्याइतकाच आपल्या जवळचा आहे.

या प्रदेशातील गावांच्या नावांत एक जुनी स्मृती शिल्लक आहे. शहराच्या एका बाजूस मोहनसराय, दुसऱ्या बाजूस मोगलसराय. सराय म्हणजे वाटसरूच्या मुक्कामाची जागा. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने बंगालपासून पंजाबकडे जाणारा हमरस्ता नीट केला, तेव्हा दर दोन कोसांवर सराया बांधविल्या, विहिरी खोदविल्या आणि दुतर्फा सावलीची झाडे लावविली, असे इतिहासकार सांगतात. पुढे अहिल्याबाई होळकरांनीही देशभर धर्मशाळा, घाट आणि विहिरी बांधताना प्रवाशाच्या देहाचाच विचार केला. रस्ता म्हणजे केवळ दगडमातीची पट्टी नव्हे, तर पाणी, सावली, अन्न आणि निजण्यापुरती जागा मिळून रस्ता होतो, ही त्या काळाची समजूत होती.

त्या काळी चालणाऱ्याचे आणखी एक रक्षण होते. बैल थकला की गाडी थांबे. बैलाला पाणी दाखवावे लागे, वैरण टाकावी लागे, आणि तेवढ्या अवधीत गाडीवानाची पाठही जमिनीला लागे. जनावराचा थकवा हाच माणसाच्या विश्रांतीचा कायदा होता. इंजिन आले आणि हा कायदा आपोआप रद्द झाला. इंजिनाला भूक लागत नाही, झोप येत नाही. डिझेल घातले की ते पुन्हा निघते. आता गाडीत थकणारा एकच जीव उरला आहे, आणि ‘थांब’ असे सांगणारे दुसरे कोणी त्याच्या सोबतीला नाही. मालमोटारचालकाच्या बहुतेक विकारांचे मूळ येथे आहे. त्याचे आरोग्य औषधाच्या बाटलीत शोधण्यापूर्वी मुक्कामात शोधले पाहिजे.

हिशेब करून पाहिला तर ही गोष्ट स्पष्ट होते. वाराणसी ते नागपूर हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर. भरलेल्या मालमोटारीने ताशी सरासरी ४० किलोमीटर कापले, तरी साडेसतरा तास लागतात. चालक हे अंतर एका दमात तोडू पाहतो तेव्हा काय होते? सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे शास्त्रीय प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या देशात कायद्याने चालकाला परवानगी आहे ती जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅमची. म्हणजे मद्याचा थेंबही न घेतलेला माणूस केवळ जागरणाने कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या मद्यप्यासारखा होऊन बसतो. फरक एवढाच की त्याच्या श्वासाला वास येत नाही आणि कोणतेही यंत्र त्याला पकडत नाही.

झोपेचाही एक ठरलेला प्रहर असतो. मनुष्याच्या शरीरातील घड्याळ पहाटे दोन ते सहा या वेळात आणि पुन्हा दुपारी दोन ते चारच्या सुमारास त्याला झोपेकडे ओढते. या वेळी येणारी डुलकी दोन-तीन सेकंदांची असते आणि ती येऊन गेल्याचे स्वतः चालकालाही कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. तेवढे अंतर ती चालकाविना गेलेली असते. ड्रमंडगंजच्या घाटासारख्या उतारावर ५० मीटर म्हणजे जन्म-मरणाचे अंतर होय. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती अपघात झोपेमुळे झाले हे नेमके सांगता येत नाही, कारण पंचनाम्यात वेग लिहिला जातो, वळण लिहिले जाते, पण डुलकी सहसा लिहिली जात नाही.

झोपेला चहा, गाणी किंवा तोंडावर मारलेले पाणी हा उपाय नव्हे. चहाचा अंमल चढायला सुमारे अर्धा तास लागतो. म्हणून जाणते लोक चहा घेऊन लगेच स्टिअरिंगवर बसत नाहीत. चहा घ्यावा, गाडी सुरक्षित जागी लावावी आणि वीस मिनिटे डोळे मिटावेत. जाग येते तेव्हा झोपही झालेली असते आणि चहाही कामाला लागलेला असतो. तथापि ही तात्पुरती डागडुजी आहे. सात-आठ तासांच्या अखंड झोपेचे देणे या हप्त्यांनी फिटत नाही. रात्री चढाच्या चहावर चढाचा चहा घेतला, तर पुढे मुक्कामी पोचल्यावरही डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात कर्जानेच होते.

कायद्याने हे ओळखले नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ती दहा व चोपन्न तासांपर्यंत नेण्यास मुभा ठेवली, पण सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कामाच्या तासांची हीच मर्यादा मालवाहू व प्रवासी वाहनांच्या चालकांना लावली. पुढे १९६१ चा कायदा कामगारांची सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत सामावून घेण्यात आला. राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारींवर एके काळी आणखी एक बंधन होते. गाडीवर दोन चालक असावेत आणि आसनामागे एकाला आडवे होता येईल अशी जागा असावी. २०१८ साली दोन चालकांची ही अट काढून टाकण्यात आली. दहा तासांची मर्यादा घेऊन हिशेब केला, तर काशी-नागपूर हा एका चालकाचा दोन दिवसांचा प्रवास ठरतो. तो एका दिवसात करून मागणारा व्यापारी किंवा मालक वेळ वाचवीत नाही. तो चालकाच्या शरीरातून वेळ उसना घेत असतो.

आता शरीराकडे वळू. बसून केलेले काम हलके, असा एक समज आहे. मालमोटारीतील बसणे मात्र साधे बसणे नव्हे. इंजिनाचे आणि रस्त्याचे हादरे आसनातून तासन् तास कण्यात शिरत असतात, आणि मणक्यांमधील गाद्या त्याने दबतात, झिजतात. खिशातील पैशांचे जाड पाकीट काढून ठेवणे, कमरेमागे घडी घातलेला पंचा ठेवणे आणि क्लच पूर्ण दाबताना पाय ताणावा लागणार नाही इतके आसन पुढे घेणे, हे तीन उपाय बिनखर्चाचे आहेत. उतरताना उडी मारू नये. तोंड गाडीकडे करून, दांडीला धरून उतरावे. कित्येक तास बसून आल्यावर लगोलग ताडपत्री ओढणे किंवा दोर सोडणे हे कमरेला घातक असते. पाच मिनिटे चालून, अंग मोकळे करून मग ओझ्याला हात घालावा. दर दोन तासांनी खाली उतरून टायर ठोकून पाहण्याची जुन्या चालकांची सवय टायरइतकीच पायांनाही हितकर आहे. पाय लोंबकळत ठेवून फार वेळ बसले, तर पिंढऱ्यांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते. चालण्याने ती टळते.

पोटाचा प्रश्न धाब्याशी बांधलेला आहे. रात्री अकराला तुपाने थबथबलेले डाळ-भाताचे किंवा पराठ्यांचे भरपेट जेवण आणि त्यावर लोटाभर लस्सी घेतली, की पहाटेच्या झोपेला आमंत्रण दिलेच म्हणून समजावे. जेवण थोडे आणि वेळेवर, असा नियम ठेवण्यास काशीच्या मुलुखात एक उत्तम पदार्थ हाताशी आहे, तो म्हणजे सातू. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून त्यात मीठ, लिंबू आणि कांदा घातला, की ते पोटास आधार देते आणि जड होत नाही. चूल लागत नाही, शिळे होत नाही, आणि खर्चही बेताचा. भाजलेल्या वांग्याच्या चोख्याबरोबर खाल्लेली लिट्टी हीदेखील तळलेल्या कचोरीपेक्षा चालकाला अधिक मानवणारी आहे. मराठी चालकाच्या डब्यात भाकरी-चटणीचे जे स्थान, तेच येथे सातूचे.

पाणी कमी पिण्याची खोड मात्र सार्वत्रिक आहे. वारंवार थांबावे लागू नये म्हणून चालक तहान मारतात. त्यातून मूत्रमार्गाचा दाह आणि मूतखडे होतात. मे-जूनमध्ये गंगेच्या खोऱ्यात लू वाहू लागते, पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि इंजिनाच्या ऊबेने केबिनची भट्टी होते. लघवी गर्द पिवळी झाली की शरीर पाणी मागत आहे असे जाणावे. घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून लाल झाले, तर तो उष्माघात आहे. अशा वेळी माणसाला सावलीत आणून, अंग ओले करून, वारा घालीत तातडीने रुग्णालयात न्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

हिवाळ्याचे संकट वेगळे. डिसेंबर-जानेवारीत या प्रदेशावर धुके उतरते आणि पन्नास मीटरांपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी थांबावे ते रस्त्याच्या कडेला नव्हे, तर धाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात. आणि तेथे निजताना कोळशाची अंगीठी बंद केबिनमध्ये कदापि घेऊ नये, इंजिन चालू ठेवूनही निजू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस जागा होत नाही एवढेच कळते. दोन घोंगड्या जास्त बाळगणे हाच थंडीवरचा निर्धोक उपाय.

जागे राहण्यासाठी चालक ज्या गोष्टींचा आधार घेतात, त्यांत तंबाखू पहिली. सुरती, खैनी, गुटखा गालात धरला की झोप पळते असे वाटते. पळते ती आयुष्याची वर्षे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवडे जखम भरली नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर उशीर करू नये. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या वतीने २०१९ पासून वाराणसीतही कर्करोगाची रुग्णालये चालू आहेत. त्यांपैकी एक काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. या रोगात लवकर आलेला रोगी पुष्कळदा वाचतो आणि उशिरा आलेला क्वचित. अफूची बोंडे, भांग किंवा जागरणाच्या गोळ्या यांची कथा याहून वाईट. त्या थकवा घालवीत नाहीत, थकव्याची जाणीव तेवढी घालवितात. सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधांनीही गुंगी येते, म्हणून औषध घेताना आपण चालक आहोत हे वैद्यास आधी सांगावे. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये आणि जवळ साखर बाळगावी. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडखळणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस आळशी नसतो. तो बहुधा रोगी असतो, आणि या रोगावर उपचार आहेत.

डोळ्यांची गोष्ट याहून सोपी, तरीही दुर्लक्षित. व्यावसायिक परवाना दर पाच वर्षांनी नूतन करताना वैद्यकीय दाखला लागतो. पण पाच वर्षांत चाळिशी येते, मोतीबिंदू येतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. चष्मा लागला म्हणजे रोजी गेली, या भीतीने चालक ती गोष्ट लपवितात. वास्तविक चष्मा लावून दृष्टी नीट होत असेल, तर परवाना जात नाही. न लावल्यास मात्र जीव जाऊ शकतो. वर्षातून एकदा डोळे, रक्तदाब आणि रक्तातील साखर पाहून घेणे हे गाडीचे तेल बदलण्याइतकेच नित्याचे झाले पाहिजे.

मनाचा विचार शेवटी येतो खरा, पण त्याचे महत्त्व शेवटचे नाही. चालकाची गाडी माणसांच्या गर्दीतून जाते आणि तो एकटा असतो. घरी मूल आजारी पडते, तेव्हा तो सहाशे किलोमीटर दूर असतो. सणाच्या दिवशी तो मालाच्या नोंदी करून घेण्यासाठी कुठल्यातरी गोदामाच्या दारात उभा असतो. पोचायला उशीर झाल्याची बोलणी, माल कमी भरल्याचा संशय, अपघात झाल्यास जमावाकडून मार बसण्याची धास्ती, ही ओझी बिल्टीवर लिहिलेली नसतात. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्यास अधिक शिक्षा सांगणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. थांबलो तर जमाव मारील आणि निघालो तर तुरुंग, ही त्यांची कैफियत होती. त्या तरतुदीच्या न्यायान्यायाचा वाद बाजूला ठेवला, तरी त्या भयाचे अस्तित्व नाकारता येत नाही.

या एकटेपणावर साध्या गोष्टी उपयोगी पडतात. घरी बोलण्याची वेळ ठरलेली असावी, आणि ती गाडी थांबवून पाळावी. बायको-मुलांनाही ‘अमुक वाजता बाबांचा फोन येतो’ हे ठाऊक असले, म्हणजे दोन्हीकडची काळजी निम्मी होते. ‘उस्ताद’ म्हणून हाक मारणाऱ्या क्लीनरला हुकुमाचा ताबेदार न मानता सोबती मानले, तर केबिनमध्ये दोन माणसे राहतात, नाहीतर एकच राहतो. घरापासून दूर राहणाऱ्याने शरीरसंबंधांतही जबाबदारी सांभाळावी. निरोध वापरावा, शंका असल्यास सरकारी केंद्रात तपासणी करून घ्यावी. एच.आय.व्ही.वर आज उपचार आहेत आणि लाजेने लपविलेला रोग घरात शिरतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, संधी असूनही झोप लागेना, अपघाताची दृश्ये पुन्हा पुन्हा दिसू लागली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो भित्रेपणा नव्हे. तो आजार आहे. २०२२ सालापासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला देते. हा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवण्यासारखा आहे.

तथापि सगळा भार चालकाच्या संयमावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. त्याने थांबावे असे म्हणणाऱ्याने थांबण्याची जागाही दाखविली पाहिजे. गेल्या काही वर्षांत थोडे पाऊल पुढे पडले आहे. तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या विश्रामशाळा उघडल्या आहेत, आणि तेथे खाट, स्नान व शौच यांची सोय आहे. २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम व अवजड मालमोटारींची केबिन वातानुकूलित असावी, असा नियम झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील कराच्या चौक्या उठल्या. त्या रांगांत वाया जाणारे तास वाचले ही गोष्ट चांगलीच. पण त्याच रांगांत कित्येक चालक डोळा मिटून घेत असत. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न म्हणून विचारण्यासारखा आहे. तो सगळा जादा खेपेत गेला, तर रस्ता सुधारला आणि माणूस अधिक थकला, असा उलटा परिणाम होतो. त्यातील थोडा भाग चालकाच्या झोपेसाठी राखणे हे मालकाच्या हातात आहे, आणि माल ‘उद्या सकाळी’ ऐवजी ‘परवा सकाळी’ चालेल असे म्हणणे व्यापाऱ्याच्या हातात आहे.

मोहनसराय आणि मोगलसराय ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. मोगलसरायच्या रेल्वे स्थानकाला २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणतात, पण चालकांच्या बोलण्यात जुने नाव अद्याप येते. त्या नावांतील सराय पुन्हा प्रत्यक्षात आली पाहिजे. एक खाट, स्वच्छ पाणी, गाडीवर राखण ठेवणारा विश्वासू माणूस आणि सात तासांची निर्वेध झोप, एवढेच तिचे स्वरूप असले तरी पुरे. पूर्वी बैल थकल्यावर गाडी थांबत असे. आज माणूस थकल्यावर ती थांबावी, एवढेच मागणे आहे.